सव्वा तास आला कुठून?

सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका वाचायचा मला जुना नाद आहे. त्यांच्या दोन जाती. एक म्हणते, हे बटण दाबा, मग ते दाबा, झालं काम. दुसरी आधी आत काय चालतं ते समजावते. कोणती चांगली, यावर जगभर चाळीसेक वर्षं वाद चालू आहे. पण त्याचा कस लागताना बघायचा असेल तर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या राहुरीला उसाच्या फडात जावं, असं माझं ठाम मत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८चं. तालुक्यातच बारागाव नांदूरला २६ टीएमसीचं मुळा धरण. त्यामुळे ऊस आणि पाटपाणी दोन्ही अंगवळणी. पिकाला पाणी कधी आणि किती द्यायचं हे सांगणारं ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे मोबाइल अ‍ॅप याच विद्यापीठाचं.

आता माझा आवडता भाग. समजा, असं एखादं अ‍ॅप म्हणालं, ‘आज ठिबक सव्वा तास चालवा.’ हा सव्वा तास आला कुठून?

सुरुवात होते गवतापासून. १९९८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेनं आपली ५६ क्रमांकाची पुस्तिका काढली. तिनं एक काल्पनिक गवत मानलं: १२ सेंटिमीटर उंच, हिरवंगार, पाण्याची ददात नसलेलं. ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून त्या गवतातून दिवसाला किती पाणी उडून जाईल ते काढायचं. समजा ६ मिलिमीटर आलं. पूर्ण वाढीच्या उसाचा पीक गुणांक १.२५, म्हणजे त्याची तहान गवताच्या सव्वापट. म्हणजे उसाची त्या दिवशीची गरज ७.५ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, त्यामुळे एकराला साधारण ३० हजार लिटर.

ठिबकच्या दोन नळ्यांमध्ये (लॅटरलमध्ये) दीड मीटर आणि दोन ड्रिपरमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जमीन येते. तिला लागणार साडेचार लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सोडायचे पाच लिटर. ड्रिपर तासाला ४ लिटरचा असेल तर हिशेब बरोबर सव्वा तासावर येतो.

यातला एक आकडा हलवून बघा. ड्रिपर २ लिटरचा बसवला तर अडीच तास लागतील. ढगाळ दिवसांत गवताचा आकडा ३ वर आला की वेळ निम्मा होतो. नुकत्याच लागण केलेल्या उसाचा गुणांक ०.४, त्याला त्याच कडक उन्हात २४ मिनिटं पुरतात. हे ज्याला कळलं, त्याला पुस्तिका हरवली तरी फरक पडत नाही.

टाकळीमियाच्या एका शेतकरी काकांशी बांधावर गप्पा चालल्या होत्या. शेजाऱ्याचं बघून तेही मोटर तेवढाच वेळ चालवत होते. ‘तुमचा वेळ वेगळा येईल,’ मी म्हणालो. “दादा, एकच जात, एकच महिना, मग वेळ का वेगळा?” मी त्यांच्या ड्रिपरवरचा आकडा वाचून दाखवला. पुढचा हिशेब त्यांनी स्वतःच बोटांवर केला आणि लगेच विचारलं, “मग खोडव्याला किती?” पायऱ्या पाठ करणाऱ्याला हा दुसरा प्रश्न सुचत नाही.

थोडं विषयांतर होईल, पण हवामान वेधशाळेतलं बाष्पीभवन पात्र प्रत्येकानं एकदा तरी बघावं. सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचं, २५ सेंटिमीटर खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेलं. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी. कालच्यापेक्षा पाणी किती खाली गेलं, एवढंच मोजायचं. ते पात्र पाहिलं की ‘पाणी मिलिमीटरमध्ये कसं मोजतात?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. व्याख्येच्या पानभर मजकुरापेक्षा मला ते पात्र मोलाचं वाटतं.

आधी पायऱ्या द्या म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं आहे. १९८०च्या दशकात आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल यांनी नवशिकी माणसं संगणकावर काम कसं शिकतात ते पाहिलं. माणसं लांबलचक प्रस्तावना वाचत नाहीत, थेट कामाला भिडतात. गंमत म्हणजे, पायऱ्या बिनचूक पार पाडूनही आपण नेमकं काय केलं हे त्यांना सांगता येईना. १९९०च्या ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या पुस्तकात त्यांनी आखूड, कामातून शिकवणाऱ्या आणि चूक सुधारायला मदत करणाऱ्या पुस्तिकेची बाजू मांडली. शेतकऱ्यापुढे आधी बाष्पीभवनाचा धडा ठेवला, तर तो अ‍ॅप बंद करून मोटर चालू करायला जाईल. त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

पण नुसत्या पायऱ्या पाटाच्या आवर्तनापुढे, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीपुढे, उघड्या पडतात. अ‍ॅप म्हणतं चार दिवसांनी पाणी द्या आणि आवर्तन येणार असतं दहा दिवसांनी. किंवा वीज येते रात्री. आपल्या जमिनीत किती ओल साठते आणि पीक ती किती दिवसांत संपवतं, हे माहीत असलेला शेतकरी मार्ग काढतो. ज्याला हे माहीत नाही, तो ‘असू द्या जास्त’ म्हणून भरून घेतो. त्या ‘जास्त’चं फळ अहिल्यानगर जिल्ह्यानं भोगलंय. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर अतिपाण्यानं कित्येक चांगल्या जमिनी पाणथळ, क्षारपड झाल्या.

म्हणून माझं मत असं: संकल्पनेला वेगळं प्रकरण देऊ नका, ती रकान्याशेजारी ठेवा. अ‍ॅप जिथे ‘जमिनीचा प्रकार’ विचारतं, तिथेच लिहा: ‘मुरमाड जमीन ओल कमी धरते, म्हणून पाळी लवकर येते.’ जिथे लागणीची तारीख विचारतं, तिथे: ‘वाढत्या पिकाची तहान वाढते, म्हणून वय हवं.’ प्रत्येक रकान्यामागे एक कारण असतं. ते एका ओळीत सांगता येत नसेल, तर लिहिणाऱ्यानं आधी स्वतः ते नीट समजून घ्यावं. उत्तराखाली हिशेबही उघडा दाखवावा: गवताचा आकडा, गुणांक, ड्रिपर, मिनिटं. पायरी पहिल्या दिवशी हात धरते. पण आवर्तन लांबलं, वीज गेली किंवा ड्रिपर बदलला, की निर्णय शेतकऱ्यालाच घ्यावा लागतो, आणि त्याची तयारी करून देणं हे पुस्तिकेचंच काम आहे.