लिंकिंग फक्त युरियाचं नसतं

रावेर तालुक्यात लिंकिंग कुणाला समजावून सांगावं लागत नाही. युरियाची गोणी हवी तर सोबत झिंक, सल्फर किंवा कसलं तरी ‘टॉनिक’ घ्यावंच लागेल, असं कृषी केंद्रवाला म्हणाला की केळीवाला तिथल्या तिथे भांडतो, पार कृषी अधिकाऱ्यापर्यंत जातो. तोच माणूस नवी गाडी घेऊन जळगावला सर्व्हिसिंगला गेला की एसी हॉलमध्ये बसतो, फुकटची कॉफी पितो आणि समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करतो.

हे निरीक्षण माझं नाही. जळगावच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर असलेल्या आणि आता रावेरला बऱ्हाणपूर रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलेल्या एका तरुणाचं आहे. स्वतःचं आणि कंपनीचं नाव छापायचं नाही या अटीवर तो बोलला.

“आमचा दिवस बॉनेट उघडून नाही, मीटिंगने सुरू व्हायचा,” तो सांगतो. भिंतीवर पांढरा फळा. प्रत्येक अ‍ॅडव्हायझरच्या नावापुढे आकडे. किती गाड्या घेतल्या, हा आकडा कोपऱ्यात बारीक. मोठ्या अक्षरात ‘व्हॅस’, म्हणजे व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिसेस. टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, आतली ड्रायक्लीनिंग. ऑइल वेळेवर आणि नीट बदललं म्हणून तिथे कुणाला इन्सेन्टिव्ह मिळत नसे. व्हॅसवर मिळे. आदल्या दिवशी ज्याचा आकडा शून्य, त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं जाई, काल काय झोपला होतास का?

डीलरची बाजूही त्याने सांगितली, आणि ती खोटी नाही. नवी गाडी विकून डीलरच्या हाती फार थोडं उरतं. शोरूमचं भाडं, उभ्या गाड्यांवरचं व्याज, डेमोच्या गाड्या, वर गिऱ्हाइकाला द्यावा लागणारा डिस्काउंट. संसार चालतो तो वर्कशॉप, सुटे भाग आणि विम्याच्या कमिशनवर. शोरूममध्ये सोडलेले पाच हजार रुपये वर्कशॉपच्या दारातून परत येतात, एवढं साधं गणित आहे. ते गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, इतकंच.

आता ‘फ्री’ सर्व्हिसची गोष्ट. सुरुवातीच्या ज्या दोन-तीन सर्व्हिस फुकट म्हणतात, त्यात फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, वॉशर, काचेवर मारायचं पाणी यांचे पैसे लागतात. पहिली बहुतेक हजार-दीड हजार किलोमीटरची. तिच्यात नेमकं काय करता, असं विचारल्यावर तो हसला. “धुतो.” मग गंभीर झाला. गळती कुठे आहे का, नटबोल्ट घट्ट आहेत का, टायरमधली हवा, ब्रेक, बॅटरीची टर्मिनल्स हे बघतात. कंपनीकडून त्या मॉडेलसाठी काही दुरुस्ती निघाली असेल किंवा सॉफ्टवेअर आलं असेल तर तेही याच वेळी होतं. ऑइल बहुतेक गाड्यांत बदलतच नाहीत. तरी जा, तो बजावून सांगतो. त्या नोंदीवर वॉरंटी उभी असते. सर्व्हिस चुकवली आणि पुढे इंजिनाचं काही निघालं, तर कंपनीचा माणूस सगळ्यात आधी सर्व्हिसची हिस्टरी उघडतो.

पहिल्या हजाराला ऑइल बदलायलाच हवं, असं छातीठोकपणे सांगणारे काका-मामा मात्र प्रत्येक घरात असतात. ते ज्या काळाबद्दल बोलतात, त्या काळात ते खरंच होतं. फियाट-अँबॅसॅडरच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी चिकटवून लोक आठवडेच्या आठवडे हळू गाडी चालवत. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसायचे, धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरायचा आणि तो लवकर काढून टाकणं शहाणपणाचं होतं. आता सिलिंडरचं होनिंग कितीतरी काटेकोर झालंय, ऑइलही सिंथेटिक आलंय. म्हणून कंपनीच बहुतेक पेट्रोल गाड्यांना पहिला बदल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल त्याला सांगते. ‘जे आधी होईल ते’ हे शब्द रावेरात महत्त्वाचे. लग्नसराईत आणि दवाखान्यालाच निघणारी गाडी वर्षात चार हजारही होत नाही. मालक म्हणतो, चाललीच कुठे? पण इंजिन नीट तापायच्या आत बंद होणाऱ्या गाडीच्या ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोलचा अंश साचत जातो. वर्षाला एकदा बदललेलं ऑइल, हा काही डीलरचा डाव नाही.

डाव त्याच्या शेजारच्या ओळीत असतो. एस्टिमेटवर ऑइल आणि ऑइल फिल्टर यांच्या मधोमध इंजिन फ्लश बसवलेला असतो. यादी सलग वाचली की तो ऑइल बदलण्याचाच भाग वाटतो. जुन्या ऑइलमध्ये एक डबा द्रावण ओतायचं, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं आणि सगळं काढून टाकायचं. आत काळा गाळ साचला असेल तर त्याचा उपयोग आहे. वर्षभराच्या इंजिनात, ऑइल वेळेवर बदललेलं असताना, गाळ असतो कुठे?

यावरचा एक किस्सा तो रंगवून सांगतो. सावद्याकडचे एक निवृत्त मास्तर गाडी घेऊन आले. येताना कंपनीची पुस्तिका आणलेली, आत वहीत घालतात तशा खुणेच्या चिठ्ठ्या. अ‍ॅडव्हायझरने फ्लश सुचवला. मास्तरांनी पुस्तिका पुढे सरकवली, “पान नंबर सांग.” पान नव्हतं. मग थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. “पान?” तेही नव्हतं. मग कूलंट बदलूया, असं म्हणाल्यावर मास्तरांनी स्वतःच पान काढलं. त्या गाडीला पहिला कूलंट बदल लाखभर किलोमीटरच्याही पुढे होता. एस्टिमेट निम्म्याच्या खाली आलं. संध्याकाळी फ्लोअर मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “पुस्तक घेऊन येणारा कस्टमर तू घेत नको जाऊ. नव्या पोराला देत जा.” नव्या पोराला अजून टार्गेट नव्हतं.

पुस्तिका म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही, आणि या भागात तर नाहीच. त्याच पुस्तिकेत मागे एक बारीक तक्ता असतो. धूळ, कडक ऊन, सतत कमी अंतराचा प्रवास, ओझं अशा कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांचा. तो तक्ता जणू रावेर-यावल पट्टा बघूनच लिहिलाय. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, बागेकडे जाणारे पांदण रस्ते मातीचे, आणि केळी काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रकांच्या मागून उडणारा धुरळा. अशा गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या नेहमीच्या वेळेआधीच बदलायला लागतो. फिल्टर काही शेकड्यांत येतो. वर्कशॉपच्या यंत्रणेत मात्र गाडी ‘नॉर्मल’ वापराचीच धरलेली असते. आणि फळ्यावर एअर फिल्टरचा रकाना नसतो.

त्यामुळे त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला प्रकार असा. एका बागायतदाराची गाडी, वय जेमतेम दहा महिने. फिल्टर काढला तेव्हा त्यातून माती अक्षरशः सांडली. मेकॅनिकने तो हवेने झटकला, पुन्हा बसवला. ‘क्लीन्ड’ अशी नोंद झाली. त्याच गाडीला अंडरबॉडी अँटी-रस्ट कोटिंग मात्र विकलं गेलं. मालकाने विचारलं होतं, “अरे भो, खालून कोण पाहू राहिलं गाडी?” त्याला मोबाइलवर गंजलेल्या चॅसीचा फोटो दाखवला. फोटो समुद्रकाठच्या कुठल्या तरी गाडीचा होता. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत त्या कोटिंगला अर्थ असेलही. खानदेशातल्या कोरड्या हवेत, कारखान्यातूनच गंजरोधक थर घेऊन आलेल्या गाडीला ते कशासाठी? मला विचाराल तर या सगळ्या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग हाच. नको ते विकतात यापेक्षा, हवं ते त्यापायी राहून जातं.

नायट्रोजन हवेबद्दल तो एकच वाक्य बोलला. “फुकट भरतो त्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.”

दराचं काय? इथे प्रश्न रावेर किंवा जळगावचा राहत नाही. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली. कार कंपन्या सुटे भाग आणि गाडी तपासायची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला अधिकृत वर्कशॉपशिवाय रस्ता उरत नाही, असं तिचं म्हणणं. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. यादीत टाटा, मारुती, महिंद्रापासून मर्सिडीज, बीएमडब्ल्यूपर्यंत सगळे. कंपन्या अपिलात गेल्या. पण त्या आदेशातला एक मुद्दा प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे. बाहेरच्या गॅरेजात गाडी दाखवली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

“आम्हाला हे कधी शिकवलं नाही,” तो म्हणतो. “आम्हाला एकच वाक्य पाठ होतं. साहेब, बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल.”

२४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार गट घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी कित्येक भागांवर तो २८ होता. कागदावर गाडीवाल्याचं बळ वाढलंय. पण जळगाव सत्तरेक किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस मोडलेला, गाडी रॅम्पवर चढलेली आणि संध्याकाळच्या आत बागेवर परतायचंय. अशा माणसाला दुपारी दोनला फोन येतो, ‘सर, ब्रेक खूप खराब आहेत, क्लीनिंग करून घेऊ का?’ तो काय बोलणार? हो म्हणतो. दोनची वेळही योगायोगाची नाही. सकाळी माणूस घासाघीस करतो. दुपारी त्याला घर दिसायला लागतं.

सर्व्हिसनंतर कंपनीकडून येणारा फोन हा वेगळाच तमाशा. दहापैकी किती गुण द्याल, असं विचारतात. नऊ दिले तरी अ‍ॅडव्हायझरची झाडाझडती. म्हणून किल्ली हातात देताना ते हात जोडून सांगतात, सर, दहाच द्या. आमच्या या मित्राने एका गिऱ्हाइकाला दहासाठी दोन परफ्यूमच्या बाटल्या दिल्या होत्या. गिऱ्हाइकाने आठ दिले. का, तर परफ्यूमचा वास आवडला नाही.

आता तो स्वतः गॅरेजवाला आहे, तेव्हा त्याच्याही बाजूचं उणं विचारायला हवं होतं. त्याने लपवलं नाही. रस्त्यावरच्या गॅरेजात स्कॅनर बरेचदा जुना, किंवा नसतोच. आणि ऑइल. नामांकित कंपनीचा रिकामा डबा भोक न पाडता भंगारात गेला की तो पुन्हा भरून बाजारात येऊ शकतो. म्हणून तो गिऱ्हाइकासमोर सील फोडतो आणि काम झाल्यावर डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो. पक्कं बिल मात्र मागितलं तरच. यावर मी त्याला छेडलं, कारण वॉरंटीचा वाद ग्राहक आयोगात गेला तर तेच बिल कामाला येतं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तो म्हणाला, देतो आजपासून. बघू.

त्याचा सल्ला सरळ आहे. वॉरंटी आहे तोवर जळगाव नाहीतर भुसावळला जा, पण सकाळीच अ‍ॅडव्हायझरकडून एस्टिमेटवर लिहून घ्या, की पुस्तिकेतल्या कामाव्यतिरिक्त विचारल्याशिवाय काही करू नये. बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगा. एअर फिल्टर स्वतः बघा. दोन क्लिपा निघाल्या की बहुतेक गाड्यांत तो हातात येतो.

गेल्या उन्हाळ्यात याच गॅरेजवर निंभोऱ्याकडचा एक केळी व्यापारी आला. वॉरंटी संपलेली, ऑइल बदलायचं होतं. बाकी काय काय करणार, असं त्याने विचारलं. ऑइल, फिल्टर, ब्रेकची तपासणी, एवढंच, याने सांगितलं. आणि फ्लश? गरज नाही. थ्रॉटल क्लीनिंग? गाडी चांगली चाललीय, कशाला? व्यापाऱ्याने शेडमध्ये इकडेतिकडे नजर फिरवली, गाडीत बसला आणि जाताना म्हणाला, “राहू दे भो. तुझ्याकडे मशिनरीच दिसत नाही. मी जळगावलाच टाकतो.”