कोणती बाजू खाली?

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत आम्ही प्रथम पाऊल टाकले, तेव्हा ड्रॉइंगबरहुकूम ओतकाम केले की गिऱ्हाईक संतुष्ट, अशी आमची भाबडी समजूत होती. पंपाच्या बिडाच्या कवचांची पहिली मोठी खेप रवाना केली आणि ती जशीच्या तशी परत आली. मापे अचूक होती. परंतु लेथवर पातळ थर उतरताच आत बारीक छिद्रे उघडी पडली होती.

दोष कोणाचा? वाळूच्या साच्यात बीड ओतले की वायू व मळी वर येतात. म्हणून ज्या बाजूवर यंत्रकाम व्हायचे, ती शक्यतो खाली ठेवावयाची असते. ती बाजू कोणती, हे गिऱ्हाइकास ठाऊक. वर काय तरंगते, हे आम्हांस. मधला प्रश्न कोणीच विचारला नाही!

तेव्हापासून पॅटर्नचे लाकूड कापण्यापूर्वी आम्ही गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन बसतो. बीड निवताना शेकडा सुमारे १ आकसते, सबब १००० मिलिमीटरसाठी पॅटर्न १०१० चा. हा हिशेब घरबसल्या होतो. लेथवरचा कारागीर जॉब कोठे पकडणार, हे मात्र त्याच्याशेजारी उभे राहिल्यावाचून कळत नाही. ह्या येरझारांत आठवडा मोडतो, हे खरे. पण ती कवचे फोडून पुन्हा भट्टीत टाकताना आमच्या साचेकऱ्यांची उतरलेली तोंडे आम्ही विसरलेलो नाही.