‘पेक्षा’ इंग्रजीत कुठे जातो?

१९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा क्षेत्रफळाने चंद्रपूरपेक्षा मोठा आहे. मराठीत तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ उचलतो. ‘मोठा’ जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत विशेषणच बदलतं. ‘लार्ज’चं ‘लार्जर’ होतं आणि ‘पेक्षा’ऐवजी ‘दॅन’ येतो, तोही नावाच्या आधी: ‘गडचिरोली इज लार्जर दॅन चंद्रपूर’.

‘ब्युटिफुल’सारख्या लांब विशेषणाआधी ‘मोअर’ लावतात. दोन्ही एकत्र करून ‘मोअर लार्जर’ म्हणणं चूक.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. तिथल्या ‘सर्वांत’साठी इंग्रजीत ‘द ओल्डेस्ट’ हवं. बरोबरी सांगताना मात्र विशेषण मूळ रूपातच राहतं: ‘सागाइतका उंच’ म्हणजे ‘ॲज टॉल ॲज अ टीक ट्री’.

शिकवताना मुलांना आधी ओळखीच्या जंगलातली उदाहरणं द्यावीत, मग नियम. तो पक्का बसतो.