विश्लेषण : कोक मागितल्यावर ‘पेप्सी चालेल का?’ असे का विचारतात? थंड पेयांच्या नावांचे भांडण नेमके काय आहे?

अमेरिकेतल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये ‘कोक’ मागितला आणि तिथे फक्त पेप्सी मिळत असेल, तर वेटर हमखास विचारतो, ‘पेप्सी चालेल का?’ दोन्ही पेये काळी, गोड आणि फसफसणारी. मग विचारायचे कशाला? शिष्टाचाराचा भाग आहेच, पण या प्रश्नामागे शंभर वर्षांहून जुनी कोर्टकचेरीही आहे. तिचे मूळ एका साध्या गोष्टीत सापडते. अमेरिकेत थंड पेयाला सगळीकडे एकच शब्द नाही, आणि देशाच्या एका मोठ्या भागात लोक कोणत्याही थंड पेयाला ‘कोक’च म्हणतात. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द मालकीचा कुणाच्या? लोकांच्या की कंपनीच्या? हा प्रश्न भारतातही आला, पण अगदी उलट्या बाजूने.

अमेरिकेत कुठे काय म्हणतात?

ढोबळमानाने तीन पट्टे पडतात. न्यूयॉर्क आणि आसपासच्या ईशान्य भागात, तसेच कॅलिफोर्नियात ‘सोडा’. शिकागो, डेट्रॉइट, मिनेसोटा अशा मध्य-उत्तर भागात ‘पॉप’. जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास अशा दक्षिणेकडच्या राज्यांत ‘कोक’. दक्षिणेतला संवाद बाहेरच्या माणसाला विनोदी वाटतो. ‘कोक घेणार?’ ‘हो.’ ‘कोणता?’ ‘स्प्राइट.’ तिथे या उत्तरात कुणालाही काही वावगे वाटत नाही.

नकाशा इतका सरळ मात्र नाही. सेंट लुईस आणि मिलवॉकी ही शहरे ‘पॉप’च्या मुलखाजवळ असूनही ‘सोडा’ म्हणतात. बॉस्टनमधली जुनी पिढी ‘टॉनिक’ म्हणत असे. न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला ‘कोल्ड ड्रिंक’ हा शब्द ऐकू येतो, म्हणजे थेट आपल्याकडच्यासारखा. अटलांटिकपलीकडे ग्लासगोत कोणत्याही फसफसत्या पेयाला ‘जिंजर’ म्हणण्याची पद्धत आहे, तर आयर्लंडमध्ये ‘मिनरल’.

ही माहिती गोळा कशी झाली?

अमेरिकी बोलींच्या शब्दकोशासाठी १९६५ ते १९७० या काळात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कार्यकर्त्यांनी देशभरातल्या १,००२ गावा-शहरांत जाऊन लोकांना प्रश्न विचारले. अमुक वस्तूला तुमच्याकडे काय म्हणतात, एवढेच. भाषातज्ज्ञ फ्रेडरिक कॅसिडी या प्रकल्पाचे मुख्य संपादक होते. पुढे २००० नंतर भाषातज्ज्ञ बर्ट वॉक्स यांनी हार्वर्डमध्ये असताना इंटरनेटवरून पाहणी केली. तिच्यात निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी ‘सोडा’ सांगितले, सुमारे पाव लोकांनी ‘पॉप’, तर साधारण १२ टक्के लोकांनी ‘कोक’. याच धर्तीच्या प्रश्नांवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०१३ मध्ये एक प्रश्नमंजूषा तयार केली. तुम्ही कोणते शब्द वापरता यावरून तुम्ही कुठले, हे ती सांगायची. वर्ष संपायला जेमतेम दहा दिवस उरले असताना प्रसिद्ध होऊनही ती त्या वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर सर्वाधिक पाहिली गेलेली गोष्ट ठरली.

हे तीन शब्द आले कुठून?

‘सोडा’ हा रसायनशास्त्रातून आला. १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली यांनी बिअरच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरले आणि वर येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरवला. नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्याची नक्कल करण्यासाठी अशा पाण्यात सोडियमचे क्षार घालत, म्हणून ते ‘सोडा वॉटर’. अमेरिकेत ते औषधांच्या दुकानातल्या ‘सोडा फाउंटन’वर मिळू लागले.

‘पॉप’ हा आवाजाचा शब्द आहे. बाटलीचे बूच उडताना होणारा आवाज म्हणजे पॉप. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांनी १८१२ च्या एका पत्रात या नावाचे हेच कारण नोंदवले आहे. डेट्रॉइटमध्ये १९०७ मध्ये सुरू झालेल्या फेगो कंपनीने तर आपल्या एका पेयाचे नावच ‘रेड पॉप’ ठेवले.

‘कोक’चे गाव अटलांटा. जॉन पेंबर्टन या औषधनिर्मात्याने १८८६ मध्ये तिथे कोका-कोला तयार केले आणि ते पाच सेंटला एक ग्लास या दराने सोडा फाउंटनवर विकले जाऊ लागले. अटलांटा हे दक्षिणेतले मोठे शहर. ज्या मुलखात हे पेय जन्मले आणि सर्वात आधी पसरले, तिथेच त्याचे लाडके नाव सगळ्या पेयांचे नाव झाले.

मग कंपनीला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

झाले उलटेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोका-कोला कंपनी जाहिरातींतून ग्राहकांना बजावत होती की आमचे पेय पूर्ण नावाने मागा, टोपणनावामुळे दुकानदाराला भलतेच पेय गळ्यात मारायची संधी मिळते. भीती खरी होती. मिळत्याजुळत्या नावांची पेये बाजारात येत होती. त्यापैकीच ‘कोक’ असाच उच्चार होणारे, पण स्पेलिंग वेगळे असलेले पेय विकणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२० मध्ये न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी कोका-कोलाच्या बाजूने निकाल दिला. हे नाव ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर एकाच कंपनीचे एकच पेय येते, असा निकालाचा आशय होता. मात्र तीच प्रतिस्पर्धी कंपनी वापरत असलेले ‘डोप’ हे दुसरे नाव न्यायालयाने रोखले नाही. दक्षिणेत काही लोक कोलाला ‘डोप’ही म्हणत, पण त्या शब्दावर मालकी सांगता येईल असे त्यात काही नव्हते.

लोक काही ऐकेनात. शेवटी १९४१ मध्ये कंपनीनेच जाहिरातींत ‘कोक’ वापरायला सुरुवात केली आणि १९४५ मध्ये तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतला.

शब्द हातचा गेला तर नेमके काय बिघडते?

ट्रेडमार्क म्हणजे अमुक नाव फक्त अमुक कंपनीनेच वापरायचे, हा कायदेशीर हक्क. पण तेच नाव लोकांच्या मनात त्या प्रकारच्या सगळ्याच वस्तूंचे नाव झाले, तर न्यायालय हा हक्क काढून घेऊ शकते. ‘अॅस्पिरिन’ हे एके काळी बायर कंपनीचे नाव होते. १९२१ च्या निकालानंतर अमेरिकेत ते कुणीही वापरू लागले. सरकत्या जिन्याचे ‘एस्कलेटर’ हे नाव ओटिस कंपनीचे होते, तेही १९५० मध्ये हातचे गेले. ‘थर्मास’ची गत १९६० च्या दशकात हीच झाली.

म्हणजे नाव जितके लोकप्रिय, तितका धोका मोठा. म्हणून कोका-कोलाची माणसे अनेक वर्षे ग्राहक बनून हॉटेलांत जात, ‘कोक’ मागवत आणि मिळालेल्या पेयाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेत. न सांगता दुसरा कोला दिला असेल तर आधी समज देत, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर खटला भरत.

१९८२ मध्ये असेच एक प्रकरण पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या अपील न्यायालयात आले. ओव्हरलँड नावाच्या रेस्टॉरंट कंपनीचे म्हणणे होते की ‘कोक’ म्हणजे आता कोणताही कोला, तेव्हा दुसरा कोला दिला तर बिघडले कुठे? पुरावा म्हणून त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे मांडले. न्यायालयाला ते पुरेसे वाटले नाही. ग्राहक ‘कोक’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, हा मुद्दा आहे. वेटरला काय वाटते, हा नाही. कंपनी जिंकली.

वेटरच्या ‘पेप्सी चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. ग्राहकाने हो म्हटले की फसवणुकीचा मुद्दाच उरत नाही.

भारतात ‘कोक’ सर्वनाम का झाले नाही?

आपल्याकडे दुकानात ‘थंडा’ किंवा ‘कोल्ड्रिंक’ मागतात. दक्षिण भारतात तमिळनाडूपासून आंध्रपर्यंत दुकानांच्या पाट्यांवर ‘कूल ड्रिंक्स’ दिसते. दक्षिण आफ्रिकेतही ‘कूल ड्रिंक’ हाच शब्द चालतो. हे सगळे शब्द पेय थंड आहे एवढेच सांगतात, कंपनीचे नाव घेत नाहीत.

यामागे इतिहासाचाही एक धागा आहे. परदेशी भागभांडवल कमी करण्याच्या ‘फेरा’ कायद्यातील अटींवरून कोका-कोलाने १९७७ मध्ये भारत सोडला. त्या पोकळीत पार्लेचे थम्स अप उभे राहिले आणि सरकारी मॉडर्न कंपनीने ‘डबल सेव्हन’ नावाचा कोला आणला. कोका-कोला परतली ती १९९३ मध्ये. तेव्हा तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड विकत घेतले. मधली १६ वर्षे एक अख्खी पिढी ‘कोक’ हा शब्द दुकानात न वापरता मोठी झाली होती.

त्यामुळे २००० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीसमोरचे कोडे अमेरिकेच्या बरोबर उलटे होते. तिथे लोकांनी कंपनीचा शब्द उचलला होता. इथे कंपनीला लोकांचा शब्द हवा होता. प्रसून जोशी यांनी लिहिलेली आणि आमिर खानने गाजवलेली ‘ठंडा मतलब कोका-कोला’ ही मोहीम म्हणजे तोच प्रयत्न. जोडीला २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांत आली. जाहिरात घरोघरी पाठ झाली, विक्रीही वाढली. शब्द मात्र कंपनीच्या हाती लागला नाही. आजही पाहुण्यांना ‘चहा घेणार की थंडा?’ विचारले, तर फ्रिजमधून लिम्का, फ्रूटी किंवा कोकम सरबत काहीही येऊ शकते.

महाराष्ट्रात काय गंमत आहे?

महाराष्ट्राने बदला घेतला तो पेप्सीवर. प्लॅस्टिकच्या बारीक नळीत गोठवलेले रंगीत गोड पाणी, दाताने टोक फाडून चोखायचे. शाळेबाहेर रुपयाला मिळणाऱ्या या कांडीला राज्यातली कित्येक मुले ‘पेप्सी’ किंवा ‘पेप्सीकोला’ म्हणत मोठी झाली. तिचा पेप्सी कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. गल्लीतल्या बर्फवाल्याला हे नाव कुणी दिले नव्हते आणि त्याने कुणाला विचारलेही नव्हते.

‘सोडा’ या शब्दाचा अर्थही इथे वेगळाच. खायचा सोडा वेगळा, कपडे धुण्याचा वेगळा आणि लिंबू पिळून प्यायचा वेगळा. कोकणातल्या घरात सोड्याची खिचडी म्हटले तर ती सुकवलेल्या कोळंबीची. न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला कुणी ‘सोडा घेणार?’ विचारले, तर त्याच्या डोळ्यांसमोर साधा, बिनसाखरेचा सोडा येतो. हातात मात्र गोड कोला पडतो.

गोटी सोड्याचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. हिरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूचा दाब काचेची गोटी वर ढकलून रबरी कड्याला घट्ट बसवतो, वेगळे बूच लागत नाही. बाटली सगळीकडे तीच, पण महाराष्ट्रात ती ‘गोटी सोडा’, दक्षिणेत ‘गोली सोडा’ आणि दिल्लीत ‘बंटा’. पंजाबीत बंटा म्हणजे गोटीच. तिन्ही ठिकाणी लोकांनी संशोधकाचे नाव सोडले आणि डोळ्यांना दिसणारी गोटी धरली.

सरकार यातला कोणता शब्द वापरते?

एकही नाही. जीएसटीच्या यादीत साखर किंवा स्वाद घातलेल्या अशा पेयांसाठी ‘एरेटेड वॉटर्स’ हा शब्द आहे. २०१७ पासून त्यावर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर जाऊन थेट ४० टक्क्यांचा दर आला. कराच्या यादीत ‘थंडा’ लिहिला असता तर ताकही त्यात आले असते आणि लस्सीही. कायद्याला काटेकोर शब्द लागतो. दुकानात सैल शब्दावर भागते, कारण पुढचा प्रश्न विचारायला समोर माणूस असतो.

मग शब्द कुणाचा?

कायद्याच्या कागदावर कंपनीचा. पण तोही लोक त्या शब्दाने काय समजतात यावरच टिकतो, हे १९२० आणि १९८२ अशा दोन्ही निकालांतून दिसते. नाव नोंदवता येते, खटला भरता येतो, जाहिरातीवर कोट्यवधी खर्च करता येतात. तरीही अटलांटात ‘कोक’ म्हणजे स्प्राइट असू शकतो आणि सोलापुरात ‘पेप्सी’ म्हणजे बर्फाची कांडी.

अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी यातून एक व्यवहारी सूचना निघते. शिकागोत ‘पॉप’ म्हणा, न्यूयॉर्कमध्ये ‘सोडा’. टेक्सासमध्ये ‘कोक’ मागितल्यावर समोरच्याने ‘कोणता?’ विचारले, तर तो चेष्टा करत नाही. त्याला खरेच उत्तर हवे असते.