दोन बटणं, दोन दिवे आणि संगणक

मुलांना संगणक शिकवताना आपण बहुधा भागांची नावं पाठ करून घेतो: मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि ‘सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू’. परीक्षेपुरतं ते चालून जातं. पण यंत्र आतून चालतं कसं, हे त्यातून कळत नाही. उलट मेंदू म्हटला की आत कोणीतरी विचार करत बसलं आहे, अशी मुलाची समजूत होते, आणि ती सहजासहजी जात नाही. सोपं करण्याच्या नावाखाली खोटं न सांगताही दहा वर्षांच्या मुलाला संगणकाचं मूळ तत्त्व समजावता येतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी सुरुवात बटणापासून करावी.

सेल, वायर, छोटा दिवा आणि दोन बटणं घ्या. बटणं एकापुढे एक जोडली, तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. आता दुसरा दिवा जिन्यातल्या दिव्यासारखा जोडा. त्या जोडणीत कुठलंही एक बटण दाबलं की दिवा लागतो आणि दुसरंही दाबलं की विझतो. दाबलेलं बटण म्हणजे १, न दाबलेलं म्हणजे ०, असं ठरवून या दोन जोडण्या शेजारी ठेवल्या, तर काय दिसतं? एक बटण दाबलं की जिन्याचा दिवा १ दाखवतो. दोन्ही दाबली की तो ० होतो आणि पहिला दिवा लागतो, म्हणजे हातचा एक! बेरीज झाली, आणि ती करताना कुठल्याही तारेला बेरीज ‘समजली’ नाही. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ मध्ये तर्काचं बीजगणित मांडलं होतं. ते विजेच्या बटणांना तंतोतंत लागू पडतं, हे १९३७ मध्ये एमआयटीतल्या क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवलं. ट्रान्झिस्टर म्हणजे बोटाऐवजी विजेनेच दाबलं जाणारं असं बटण. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर ते सुमारे २,३०० होते. आज चांगल्या मोबाइलच्या चिपवर हजार कोटींहून अधिक असतात.

शून्य आणि एकाची भाषा मुलांना झेपणार नाही, अशी शंका शिक्षक घेतात. तिला उत्तर देणारा प्रयोग होऊन बराच काळ लोटला आहे. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधले टिम बेल आणि त्यांचे सहकारी माईक फेलोज व इयन विटन यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणारे खेळ तयार केले, आणि ते आज अनेक देशांतल्या प्राथमिक वर्गांत खेळले जातात. त्यातला एक पाच पत्त्यांचा आहे. पत्त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असतात. पत्ता उघडा किंवा पालथा, एवढंच करून ० ते ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा मांडता येतो. यात बेरजेपलीकडचं गणित लागतच नाही. हेच बोटांवर केलं, तर दोन्ही हातांवर १०२३ पर्यंत मोजता येतं, आणि ही गंमत मुलं मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात.

मग आपल्या लिपीकडे यावं. युनिकोड या जागतिक संकेतात ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. म्हणजे २०४८, २५६, १६, ४ आणि १ हे पत्ते उघडे. मोबाइलवर ‘कि’ टाइप केलं की आधी ‘क’ चा २३२५ आणि मग ऱ्हस्व वेलांटीचा २३६७ साठवला जातो. वेलांटी ‘क’ च्या डावीकडे दिसते, ती पडद्यावर अक्षर काढणाऱ्या प्रोग्रॅमने तशी मांडल्यामुळे. साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, ही संगणकशास्त्रातली मोठी गोष्ट मराठी मुलाला एका वेलांटीतून कळते. इंग्रजी अक्षरांच्या उदाहरणांनी हे साधत नाही, आणि आपल्या पुस्तकांत नेमकी तीच उदाहरणं असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंजिन न समजताही माणूस गाडी चालवतो, मग मुलांना हे कशाला? पण गाडी आपल्याशी बोलत नाही. आजच्या मुलाला मराठीतून उत्तर देणारं यंत्र हाताशी मिळालं आहे. तिथेही शब्दांचे आकडे होतात, त्यांचे अफाट गुणाकार आणि बेरजा होतात, आणि पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे काढलं जातं. दोन दिव्यांपासून इथपर्यंत अनेक पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्या लहान मुलाला सांगता येणार नाहीत, हे खरं. पण प्रत्येक पायरीखाली तीच बटणं आहेत, हे माहीत असलेलं मूल यंत्राचं उत्तर तपासून बघेल. मेंदूची गोष्ट ऐकलेलं मूल त्यावर विश्वास ठेवून मोकळं होईल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं ठरवलं आहे. शिक्षकांनो, त्यासाठी शाळेत संगणक येण्याची वाट पाहू नका. पुठ्ठ्याचे पाच पत्ते कापा आणि पाचवीच्या वर्गातच हा खेळ सुरू करा.