काटा हलत नाही: शरीर बदललं की वही चुकली?

वजन कमी करणाऱ्यांकडून हमखास ऐकू येणारं एक वाक्य घ्या. ‘मी दिवसाला फक्त 1200 कॅलरी खाते, ॲपमध्ये सगळं लिहिते, तरी दोन महिने काटा जागचा हलत नाही.’ यावर लगेच सल्ला द्यायची घाई करू नका. तुम्ही पेटची तयारी करताय, पुढे प्रबंध लिहिणार आहात. हे वाक्य तुमच्यासाठी तयार संशोधन-प्रश्न आहे.

आधी गणित करू. समजा ती बाई तिशीची, वजन 62 किलो, उंची मध्यम. तिचा बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणारी दिवसाची ऊर्जा, साधारण 1300 कॅलरी निघते. बैठं काम आणि घरातली उठबस धरून एकूण खर्च 1950 च्या आसपास. ती खरोखर 1200 खात असेल तर रोज 750 ची तूट पडते. 60 दिवसांत 45,000. शरीरातल्या एक किलो चरबीमागे ढोबळमानाने 7700 कॅलरी धरतात, म्हणजे जवळपास सहा किलो वजन उतरायला हवं होतं. उतरलं शून्य.

वजन महिनोन् महिने स्थिर असेल तर आत जाणारी आणि खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ सारखी असते. मग दोनच शक्यता उरतात. एक तर खर्च 1200 वर घसरलाय, किंवा खाणं 1200 नाही. पहिलं गृहीतक शरीराबद्दल आहे, दुसरं वहीबद्दल. पुढे वाचण्याआधी मिनिटभर थांबा आणि यातलं कुठलं खरं हे तुम्ही कसं तपासाल, ते मनाशी ठरवा.

एक तिसरी, किरकोळ शक्यता आधी बाजूला काढू. दोन आठवडे काटा हलला नाही याला ‘थांबलं’ म्हणत नाहीत. खारट खाणं, पाळीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांनी शरीरातलं पाणी किलो-दीड किलोने सहज वरखाली होतं. आठवड्याला अर्धा किलो चरबी घटत असली तरी ती या पाण्याआड दिसत नाही. म्हणून रोजचं वजन घ्या, पण आठवड्याच्या सरासरीची तुलना करा, आणि निदान चार आठवडे. आपल्या उदाहरणात दोन महिने गेलेत, तेव्हा पाण्यावर खापर फोडता येणार नाही.

आता शरीराचं गृहीतक. ते हवेतलं नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं आणि बीएमआर जवळजवळ 40 टक्के खाली आला. पण त्यातली बरीच घट शरीरच लहान झाल्यामुळे होती. स्नायू कमी, म्हणून खर्चही कमी. शरीराच्या आकारमानाने जेवढा खर्च अपेक्षित आहे त्याहूनही जो खाली जातो, त्याला ‘अनुकूलन’ म्हणायचं. डाएट करणाऱ्यांमध्ये ते दिसतं, पण सहसा शे-दोनशे कॅलरींच्या घरात, काहींत थोडं जास्त. आपल्या बाईच्या हिशोबात तफावत 750 ची आहे. दोनशे मान्य केले तरी साडेपाचशे कुठे गेले? शिवाय सांगितलेलं खाणं बीएमआरच्याही खाली आहे. दिवसभर अंथरुणावर पडून राहिली असती तरी हा आकडा पुरला नसता.

हाच प्रश्न 1992 साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी तपासला. ‘1200 पेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असं सांगणारे दहा जण त्यांनी घेतले. रचना बघण्यासारखी आहे. खाल्लेलं किती हे त्या माणसाला न विचारता कसं मोजायचं? त्यांनी डबली लेबल्ड वॉटर ही पद्धत वापरली. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघांच्याही जागी त्यांचे जड, पण किरणोत्सारी नसलेले समस्थानिक घालून ते पाणी प्यायला देतात. जड हायड्रोजन लघवी-घामातून पाणी म्हणूनच बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यातून जातोच, शिवाय श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो. दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेगातला फरक म्हणजे तयार झालेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा. त्यात शरीरातल्या साठ्याचा फरक मिळवला की खाल्लेलं किती ते निघतं. माणूस घरी, आपल्या नेहमीच्या आयुष्यात. फक्त लघवीचे नमुने द्यायचे.

निकाल असा आला की त्यांचा खर्च अपेक्षेइतकाच होता, फरक पाच टक्क्यांच्या आत. खाणं मात्र त्यांनी सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगितलं होतं, आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त.

इथे बरेच विद्यार्थी ‘लोक खोटं बोलतात’ असं लिहून मोकळे होतात. हे वाक्य तुमच्या प्रबंधात येऊ देऊ नका. ते चुकीचं आहे, आणि आळशीपणाचंही आहे. खोटेपणा नसतानाही आकडा कसा घसरतो, हे स्वयंपाकघरात जाऊन बघावं लागतं. मी पेठची, तेव्हा आमच्याकडचंच ताट घेते.

नागलीची भाकरी. ॲपमध्ये ‘एक भाकरी’ असं लिहिलेलं असतं. कुणाची? 40 ग्रॅम पिठाची की 90 ग्रॅमची? नागलीच्या पिठात 100 ग्रॅममागे 320 च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे एकाच शब्दाखाली 130 ही येते आणि 290 ही. भाकरीचं वजन करूनही भागत नाही, कारण त्यात किती पाणी राहिलंय हे तव्यावर आणि चुलीवर अवलंबून. वजन पिठाचंच करायचं. भाताचंही तेच: 100 ग्रॅम तांदूळ साधारण 350, शिजवलेला 100 ग्रॅम भात साधारण 130. कच्चं मोजून शिजलेलं नोंदवलं की एका फटक्यात आकडा निम्म्याच्याही खाली.

मग खुरासणीची चटणी. भाकरीसोबत बोटभर घेतली, ती कोण लिहितं? पण खुरासणी ही तेलबी आहे, दोन चमचे चटणीत अख्ख्या वाटीभर पालेभाजीपेक्षा जास्त ऊर्जा असते. पहिल्या पावसानंतरच्या रानभाज्या तर लोक शून्यच धरतात. भाजीचं ठीक आहे, पण फोडणीचं तेल शून्य कसं धरणार? एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. आणि चहा. दोन चमचे साखरेच्या 40, चार कप झाले की 160, दूध वेगळं. ‘चहा काय लिहायचा’ असं प्रत्येक जण म्हणतो.

आता यादीवर नजर टाका. सगळ्या चुका एकाच दिशेला आहेत. न खाल्लेला लाडू चुकून लिहिला असं सहसा होत नाही. खाल्लेला विसरतो. संशोधनाच्या भाषेत ही रँडम एरर नव्हे, सिस्टिमॅटिक एरर आहे. फरक नीट समजून घ्या, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. आज 200 जास्त, उद्या 200 कमी अशी चूक असेल तर दिवस वाढवले की सरासरी सुधारते. रोजच 500 कमी लिहिलं जात असेल तर सात दिवसांऐवजी सत्तर दिवस नोंदवा, तुम्ही चुकीच्याच आकड्यावर जास्त ठामपणे पोचाल. त्यात आणखी एक गुंता. नोंद ठेवायची म्हटली की माणूस खाणंच बदलतो. लिहावं लागेल म्हणून वडापाव टाळतो. नोंद खरी असते, पण ती नेहमीच्या दिवसाची नसते.

एवढं बारकाईने का सांगतेय? कारण हाच प्रश्न आपल्याकडे फार मोठ्या पातळीवर विचारला गेलाय, आणि तोही पुण्यात. 1971 मध्ये गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर माणशी दिवसाला 2250 कॅलरी मिळतील इतका खर्च न करू शकणारे ते गरीब, अशी त्यांची कसोटी होती. पां. वा. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत अनेक वर्षं काम केलेले. त्यांनी हरकत घेतली. 2250 ही सरासरी आहे, एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतं, कमी खाल्लं तरी शरीर एका मर्यादेपर्यंत ते जुळवून घेतं. म्हणून सरासरीच्या बरंच खाली रेषा ओढावी. तसं केलं की कुपोषितांची संख्या खूप कमी भरते. हा वाद पुढे ऐंशीच्या दशकात चांगलाच रंगला.

ओळखीचं वाटलं? नोंद कमी, माणूस तरीही चालता-बोलता. शरीराने जुळवून घेतलं, की आकड्यातच काहीतरी राहिलं? माझं मत असं: खाणं दिवसागणिक बदलतं हे सुखात्म्यांचं निरीक्षण पक्कं होतं, आणि आहारावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. पण नोंदवलेल्या खाण्यातल्या चढउतारावरून शरीराची कार्यक्षमता बदलली असा निष्कर्ष काढायचा तर खर्च वेगळा मोजावा लागतो. मुक्तपणे वावरणाऱ्या माणसाचा खर्च मोजणारी वर सांगितलेली पद्धत माणसांवर 1982 च्या सुमारास वापरात आली. वाद पेटला तेव्हा ते साधन हातात नव्हतं.

आणि खर्च मोजला तरी एक फाटा राहतो, त्याकडे सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी लक्ष वेधलं. कमी खाणारा माणूस कमी हालतो. मूल कमी खेळतं, बाई काम अर्धवट टाकून बसते. काटा स्थिर राहतो, पण त्याची किंमत हालचालीत चुकवलेली असते. डाएटवाल्यांमध्येही हे होतं, जिना टाळला जातो, हातवारेसुद्धा कमी होतात. शहरातल्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की वजन उतरायला वेळ लागेल. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बाईच्या बाबतीत ‘शरीराने जुळवून घेतलंय’ असं कागदावर आलं, तर तिच्या वाट्याच्या धान्याचा प्रश्न येतो. त्यामुळे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर 24 तासांची आठवण विचारून कुणी 1300 चा आकडा आणला, तर तो उपासमार म्हणून छापण्याआधीही तपासा आणि अनुकूलन म्हणून छापण्याआधीही.

तपासायचं कसं? समस्थानिक महाग आहेत, ते बाजूला ठेवू. पहिली चाळणी फुकट आहे: सांगितलेली ऊर्जा भागिले बीएमआर. वजन स्थिर आणि भागाकार एकच्या खाली आला तर तो आकडा त्या माणसाचा नेहमीचा आहार असू शकत नाही. 1991 मध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी याची रीतसर मर्यादा मांडली, नमुन्याचा आकार आणि दिवसांची संख्या धरून. ती तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात असायलाच हवी. मात्र न बसणाऱ्या नोंदी गुपचूप काढून टाकू नका. किती होत्या, कुणाच्या होत्या, हे लिहा.

दुसरी युक्ती तेलाची. तेल किती घातलं हे विचारू नका, घरात किती संपलं ते मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल तर ते माणशी रोज 200 कॅलरीच्या वर जातं. नोंदींची बेरीज 60 येत असेल तर उरलेलं कुठे आहे ते शोधायचं. पाड्यावरच्या घरात महिन्याला लिटरच लागत असेल तर माणशी सत्तरच्या आत. तिथे तेलाला दोष देऊन उपयोग नाही, भाकरी आणि भाताकडे बघावं लागेल.

एका पातेल्यातल्या भाजीसाठी रिकाम्या पातेल्याचं वजन आधी घ्या. समजा 600 ग्रॅम. भाजी शिजल्यावर 1800, म्हणजे भाजी 1200. त्यात कच्चा माल किती गेला ते आधीच मोजलेलं, तेल 60 ग्रॅम, म्हणजे 540 कॅलरी. तुमच्या ताटात 300 ग्रॅम आली तर पाव हिस्सा, नुसत्या तेलाच्याच 135. चौदा दिवस असं करा, जेवण बदलू नका, फक्त मोजा. ज्यांचं वजन खरंच अडलंय त्यांनाही हेच सांगते, आणखी दोनशे कमी करायच्या आधी हे करा. चौदा दिवसांची काटेकोर नोंद आणि काटा तरीही जुळले नाहीत, तर थायरॉइड आणि चालू औषधं डॉक्टरांकडून तपासून घ्या. ज्यांना खाण्याबद्दल आधीच भीती किंवा अपराधीपणा वाटतो त्यांनी मात्र ही मोजदाद एकट्याने करू नये.

कॅलरी काढताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे भारतीय अन्नघटक तक्ते वापरा. त्यात 528 पदार्थ आहेत आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. कॅलरीसाठी 4.184 ने भागायचं. नागलीपुढे तेराशेच्या वरचा आकडा बघून दचकू नका.

आणि प्रस्तावात महिना लिहायला विसरू नका. आमच्याकडे आवणीच्या वेळी घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि काम सगळ्यात जास्त. कापणीनंतर दोन्ही उलटं. त्यानंतर निम्मं गाव द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेलं असतं, आणि सर्वेक्षणाला दार उघडतात ते बहुतेक म्हातारे आणि लहान मुलं.