कर्नल बदलल्यावर नेटवर्क बंद पडले तर

समजा, बंगळुरूमधील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काल उबंटूचे अपडेट झाले. आज संगणक सुरू होतो, पण वायफाय लागत नाही, आणि प्रात्यक्षिक परीक्षा दोन तासांवर आहे. अशा वेळी अनेकजण संपूर्ण प्रणाली पुन्हा टाकायला घेतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

असे का होते?

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हे कर्नलचे एक मॉड्यूल असते आणि ते ठरावीक कर्नल आवृत्तीसाठीच तयार केलेले असते. लिनक्ससोबत येणारे ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर आपोआप येतात. बाहेरून टाकलेले ड्रायव्हर मात्र प्रत्येक कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात. ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ हा वायफाय ड्रायव्हर याचे नेहमीचे उदाहरण. हे बांधकाम ‘डीकेएमएस’ करते. पण त्याला नव्या कर्नलच्या हेडर फाइल लागतात. शिवाय कर्नलची अंतर्गत रचना बदलली, तर ड्रायव्हरचा जुना कोड कंपाइलच होत नाही.

तपासणीचा क्रम

१. जुने कर्नल वापरून पाहा. ग्रब मेनूतील प्रगत पर्यायांत ते सापडते. तिथे नेटवर्क चालले, तर कार्ड, राउटर आणि पासवर्ड ठीक आहेत. शोध नव्या कर्नलपुरता उरतो.

२. नव्या कर्नलमध्ये ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्या. कार्डाचे नाव दिसले, तर ड्रायव्हर चालू आहे, मांडणी तपासा. नाव बदलले असेल, तर जुन्या नावाने लिहिलेली मांडणी लागू होत नाही. फक्त ‘लो’ दिसले, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही.

३. ‘डीमेसग’ने कर्नलचे संदेश वाचा. फर्मवेअर सापडले नाही, असा संदेश असू शकतो. सिक्युअर बूट चालू असल्यास स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारते. तसा संदेशही शोधा.

४. ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. नव्या आवृत्तीसाठी मॉड्यूल बांधलेले नसेल, तर हेडर टाकून ते पुन्हा बांधा. त्यासाठी इंटरनेट हवे, आणि अडचण नेमकी तीच! मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, किंवा जुन्या कर्नलमधून नव्याचे हेडर उतरवून घ्या.

एक अपवाद

पहिल्या पायरीलाही मर्यादा आहे. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या काही कार्डांची कायमस्वरूपी स्मृतीच बिघडत होती. अशा संगणकावर जुने कर्नल चालवूनही कार्ड सुरू होत नसे. म्हणून जुन्या कर्नलमध्येही नेटवर्क नसेल, तर केबल, राउटर आणि खुद्द कार्ड तपासा.

लक्षात ठेवा

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने दुरुस्त झाले हे कळणार नाही. जुन्या कर्नलमध्ये सुरक्षेच्या ताज्या दुरुस्त्या नसतात, म्हणून तो तात्पुरता आधार समजा. पण नव्या कर्नलवर नेटवर्क नीट चालेपर्यंत तो काढून टाकू नका.